जावावाली मुलगी

सन दोन हजार उजाडायला दोन-अडीच वर्षं होती आणि आमच्या नेरूळच्या सोसायटीत ज्याला त्याला कोबोल ही कॉम्प्युटरची जुनी भाषा शिकायची होती. जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करायला शिका आणि थेट अमेरिकेला जा, असा सगळा हिशेब. मी मात्र हट्टाने जावा या नव्या भाषेचा कोर्स केला. तारखा दुरुस्त झाल्या की पुढे काय, एवढी साधी गोष्ट लोकांना कशी दिसत नाही, याचा मला रागच यायचा. पण नोकऱ्या त्यांना लागत होत्या, मला नाही. जावाच्या जाहिराती तुरळक, त्यातही अनुभव हवा. शेवटी बाबा म्हणाले, "या महिन्यात नाही जमलं, तर मुकाट्याने बेलापूरला टायपिंगच्या जागेसाठी अर्ज कर."

तेवढ्यात महाप्याच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं.

समोर पंचेचाळिशीचे एक साहेब आणि एक तरुण मॅनेजर. मशीनवर जावा टाकलेलं होतं, पण ते चालवायचं कसं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. साहेबांनी पुस्तकात बघून स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम कागदावर दिला. "सांगा, काय उत्तर येईल?"

मला हायसं वाटलं. आमच्या वाशीच्या क्लासमध्ये मशिनं कमी आणि मुलं जास्त, म्हणून सर कुणाला तरी उभं करून म्हणायचे, "तू मशीन हो." मग एकेक ओळ वाचत, मशीन काय करेल ते मोठ्याने सांगायचं. मला खुसपटं काढायची सवय, त्यामुळे मशीन बहुतेक वेळा मीच. तशीच इथेही सुरू झाले आणि शेवटाला अडले. प्रोग्रॅममध्ये दहा नावं होती. जावात मोजणी शून्यापासून, म्हणजे शेवटच्या नावाचा नंबर नऊ. साहेबांनी एक ते दहा मोजलं होतं.

"सर, हा बंद पडेल. दहा नंबरला काही नाहीच इथे."

"असं कसं? आम्ही कोबोलवाले आयुष्यभर एकपासून मोजत आलो!"

मॅनेजर खो-खो हसला. साहेबांचा चेहरा उतरला. माझ्या जिभेला हाड नाही, आता बेलापूरचं टायपिंग नशिबी, असं मनाशी म्हणत मी बाहेर पडले.

टपरीवर चहा घेत होते, तर साहेब मागोमाग आले.

"तुमचं काम झालं. हिलाच घ्या, असं मीच सांगितलं." जरा थांबून म्हणाले, "पण एक कराल? सगळं काम जावात न्यायचं ठरलंय. ज्याला जमणार नाही, त्याला नारळ. मुलगी बारावीत आहे माझी, खूप टेन्शन आलंय हो. सकाळी ऑफिस भरायच्या आधी शिकवाल मला? त्या मॅनेजरसमोर नको."

नोकरी लागली होती, खरं तर घरी धावत सुटायला हवं होतं. पण बाबांच्या वयाचा माणूस माझ्यासमोर असा अवघडून उभा होता, आणि मला फार वाईट वाटत होतं. मी "हो" म्हटलं.

जाता जाता ते वळले. "आमचं कोबोल सगळंच फुकट जाईल का हो?"

"नाही सर," मी म्हणाले. खरं काय ते मला तरी कुठे माहीत होतं!