पिवळ्या मुठीची स्प्रिंग

जे लिहायला बसलो आहे ते माझ्या पत्नीला ठाऊक नाही, मुलांना ठाऊक नाही. आणि ज्यांना ठाऊक व्हायला हवे होते ते कानाआड करून निघून गेले असेही नाही — त्यांच्या कानावर मी ते जाऊच दिले नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही. म्हणून कदाचित तुम्हांला सांगणे जमेल. जमेल का? पाहू.

आधी एक वाद निकालात काढतो. वाद घालणे माझ्या अंगात आहे. कडेगावच्या बाजूला एका शाळेत व्यायामशिक्षक म्हणून सारी नोकरी केली, आणि चूक दिसली तर मुख्याध्यापकांनाही सोडले नाही. तेव्हा माझ्या थोरल्या बंधूंविषयी, अण्णांविषयी, उंब्रजजवळच्या आमच्या गावात जे बोलले जाते ते मी खपवून घेणार नाही.

अण्णांच्या वर्षश्राद्धाला पंगत बसण्यापूर्वी त्यांचा मुलगा विलास माइक हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "वडिलांनी जिद्द सोडली, पण बापूकाकांनी वडिलांना सोडलं न्हाई." बापूकाका म्हणजे मी. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी ताडकन उठलो आणि सर्वांसमक्ष सांगितले की अण्णांनी जिद्द सोडली नव्हती. जो तसे म्हणतो तो खोटे बोलतो, मग तो पोटचा मुलगा का असेना. आणि मग — मग काय झाले असेल? लोकांना आणखी भरून आले. थोरल्या भावाविषयी शब्द ऐकून घेत नाही, याला म्हणतात भाऊ! मागून कोणीतरी म्हणालेदेखील, "असा भाऊ मिळाय नशीब लागतं गड्या."

मी खाली बसलो आणि जेवलो. हेही लिहून ठेवतो — जेवलो.

तालमीतले जुने लोक सांगतात की लकव्याने गेलेला हात पुन्हा येतच नसतो. साफ खोटे. अण्णांचा हात येत होता. मी डोळ्यांनी पाहिले आहे. भावकीतले काही कराडच्या त्या मुलीला बोल लावतात — हाताचे व्यायाम शिकवायला घरी येणारी फिजिओथेरपिस्ट — म्हणे तिला काही येत नव्हते. हेही खोटे. तिला सारे येत होते. फक्त मी कोण आहे हे तिला कळले नाही. ते कोणाला कळले होते?

अण्णांचा पंजा कसा होता, हे तुम्हांला सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. ते शेती करीत, मी शिकलो. आमच्या तालमीत मनगट कमवायला यंत्रे नव्हती. वाळूने भरलेली घागर नुसत्या बोटांनी काठाला धरून कुस्तीच्या हौदाभोवती फिरायचे. बाभळीच्या दांड्याला दोरीने दगड बांधून तो मनगटांनी गुंडाळत वर घ्यायचा. अण्णांची घागर तालमीच्या दारातून बाहेर पडून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायची. माझी हौदाच्या कोपऱ्यावर खाली टेकायची.

आणि बेंदूर. बैलांची मिरवणूक झाली की आमच्याकडे तालमीच्या पायरीवर पंजे लागत. बोटांत बोटे गुंतवायची, कोपर दगडावर, आणि समोरच्याचे मनगट पाडायचे. रीत अशी की जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला त्याच हाताने पुरणपोळीचा पहिला घास भरवायचा, आणि भोवतालच्यांनी ओरडायचे — "खा, लेकरा, खा!" मिशा फुटल्यापासून केस पांढरे होईपर्यंत मी अण्णांच्या हातून तो घास खाल्ला. नोकरीच्या गावाहून त्यासाठी मुद्दाम येत असे. एकदा तरी पाडीन म्हणून. अण्णा घास पुढे करीत, डोळे मिचकावीत, म्हणत, "आ कर रं, मास्तर. तूप लय हाय बग." सगळे हसत. मीही हसत असे. तो घास गोड लागत असेल असे तुम्हांला वाटते का?

निवृत्तीनंतर मी गावी परतलो, आणि थोड्याच दिवसांत अण्णांना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला. बोलणे थोडे जड झाले, पण थट्टा शाबूत होती. कराडची मुलगी येऊ लागली. आधी मऊ चेंडू, मग कणकेसारखा एक गोळा, आणि मग दोन दांड्यांची स्प्रिंग — दांड्या मुठीत धरून दाबायच्या, टोके एकमेकांना टेकली की झाले. हलक्या स्प्रिंगच्या रबरी मुठी पिवळ्या होत्या. ती म्हणाली, "आजोबा, ही मिटली की चमचा तुमच्या हातात. मग कोणी भरवायला नको." अण्णांनी ते मनावर घेतले. चेंडूला ते पोरखेळ समजत. पण स्प्रिंग म्हणजे तालीम. घरात व्यायामशिक्षक आहे म्हणून पुढचे त्या मुलीने माझ्यावर सोपवले आणि येणे थांबवून ती फोनवर विचारू लागली.

विलास दुकानातून ती आणायला निघाला तेव्हा मी म्हटले होते, "माझ्यासाठीही एक आण. असेल ती सर्वांत कडक." ती काळ्या मुठींची निघाली. बाकी दोन्ही अगदी जुळ्या बहिणी. रोज सकाळी घराच्या पुढच्या सोप्यात आम्ही समोरासमोर बसत असू — अण्णा पिवळी घेऊन, मी काळी.

काळी माझ्याने मिटत नव्हती. आयुष्यभर मुलांना मनगटाचे व्यायाम शिकवणाऱ्या माझ्याने ती अर्ध्यावरही येत नव्हती. मी ती खिशात ठेवी, वर्तमानपत्र उघडी, नजर चुकवी. अण्णांची नजर चुकते होय?

एका सकाळी पिवळीची टोके इतकी जवळ आली की मधून जेमतेम बोट गेले असते. अण्णांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर — तो चेहरा मला पायरीवरचा ठाऊक होता. ते माझ्या हाताकडे पाहून हसले.

"तुजी मिटंना व्हय रं, मास्तर? माजी मिटाय आली. औंदा बेंदराला लावू पंजा. घास खायाची तयारी ठेव."

थट्टाच होती. भावाने भावाची केलेली, बरे वाटू लागल्याच्या आनंदात केलेली. वहिनी आतून हसल्या. मीही हसलो.

आता सांगतो.

त्याच दुपारी अण्णा जेवून झोपले होते. वहिनी विलासबरोबर मळ्यात गेल्या होत्या. मी दोन्ही स्प्रिंगा घेऊन मोरीत गेलो. साबणाचे पाणी लावले की रबर सहज निसटते. पिवळ्या मुठी मी कडक स्प्रिंगवर चढवल्या आणि काळ्या हलक्या स्प्रिंगवर. धुतल्या, पुसल्या, जागच्या जागी ठेवल्या. रागाच्या भरात केले म्हणावे तर तसेही नाही. नीट, काळजीपूर्वक केले. शाळेचे साहित्य जसे आवरून ठेवत असे, तसे.

दुसऱ्या सकाळी अण्णांनी पिवळी हातात घेतली आणि दाबली. ती जागची हलली नाही. त्यांनी स्प्रिंगकडे नाही पाहिले — स्वतःच्या हाताकडे पाहिले. हे मला विसरता येत नाही. कुस्तीगीराने हत्याराला दोष द्यायचा नसतो हे आम्हां दोघांना एकाच वस्तादाने शिकवले होते. "काल मिटत हुती की," एवढेच ते म्हणाले.

आणि मी काय केले? समोर बसून काळी खटाखट मिटवली. पुन्हा पुन्हा. "लावा जोर, अण्णा! मन लावा!" असे ओरडत होतो. ते दातओठ खाऊन दाबत होते, मानेच्या शिरा फुगत होत्या. येणारेजाणारे थांबून पाहत. अजूनही गावात सांगतात की बापू मास्तर या वयात कडक स्प्रिंग खेळण्यासारखी मिटवीत. ही आणखी एक हकिकत खोडून काढतो. ती माझ्याने कधीही मिटली नाही.

हलक्यापासून जडाकडे जायचे — याखेरीज मी मुलांना दुसरे काय शिकवले? नुकत्याच उठलेल्या हाताला न पेलणारे वजन दिले तर काय होते, हे जिल्ह्यात माझ्याइतके कोणाला ठाऊक होते? मनात रोज येई की उद्या मुठी परत बदलू. उद्या उजाडे आणि पुन्हा तेच — अण्णा घाम पुशीत बसत आणि मी काळी मिटवीत बसे.

पाऊस लागेपर्यंत त्यांनी झुंज दिली. ऐकताय ना? जिद्द सोडली म्हणणाऱ्यांनो, ज्या स्प्रिंगपुढे माझा धडधाकट हात हरला तिच्याशी तो अर्धा मेलेला हात रोज सकाळी झुंजला. मग एके दिवशी त्यांनी ती वहिनींच्या हातात दिली आणि म्हणाले, "ठिव कुठंतरी. हात मेला माजा." चेंडूदेखील पुन्हा धरला नाही. कराडच्या मुलीचा फोन आला. ती पाहायला यायचे म्हणत होती. मीच उचलला. म्हटले, "नको येऊ, बाई. त्यांनीच जिद्द सोडली आहे." विलास शेजारी उभा होता. त्याने ते ऐकले.

ते वाक्य विलासचे नाही. माझे आहे. मांडवात मी ज्याला खोटारडा ठरवले, तो माझेच वाक्य बोलत होता.

त्यानंतर अण्णांना मी भरवले. वहिनींचे गुडघे दुखत, विलासला मळा. मी स्वतःहून पुढे झालो. सकाळ-संध्याकाळ, ते जाईपर्यंत. गाव यालाच सेवा म्हणते. पहिल्या बेंदराला पुरणपोळीचा घास मी त्यांच्या तोंडाजवळ नेला. पायरीवर पोरे ओरडत होती, ते घरात ऐकू येत होते. अण्णांनी आ केला नाही. माझ्याकडे पाहिले — रागाने नव्हे — आणि जडावलेल्या जिभेने म्हणाले, "म्हण की रं. खा लेकरा, म्हण. जिकलास न्हवं?"

मी घास तसाच धरून राहिलो. मग त्यांनी आ केला.

त्यांना कळले होते का? विचारायला मला सवड होती; पुढचे दोन बेंदूर होते. मी विचारले नाही. सांगितले नाही. मुठी परत बदलल्या नाहीत.

दोन्ही स्प्रिंगा अजून सोप्यातल्या फळीवर आहेत. पिवळीला तिथून कोणी हलवत नाही. वहिनी ती पुसून ठेवतात. अण्णांच्या हातची शेवटची वस्तू म्हणून. ती माझी आहे.