दुसऱ्या गिअरातला उतार

आमच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स गेला आणि तसा दुसरा कुठे मिळेना, म्हणून पोलोग्राउंडच्या एका गॅरेजात आम्ही ती मॅन्युअल करून घेतली. लेकीला धामनोदच्या शाळेत नोकरी लागली होती. सोमवारपासून ती याच गाडीने, एकटी, मानपूरच्या पुढचा घाट उतरणार होती.

मला गाडीची भीती वाटत होती. खड्ड्यात उजवं चाक खाली गेलं की खालून टक्‌ असा आवाज यायचा. सकाळी त्याच चाकाच्या आतल्या बाजूला फरशीवर तेलाचा डाग दिसायचा. मी तिथे पुठ्ठा ठेवला, तर पुठ्ठ्यावरचा डाग रोज मोठा. लेक म्हणाली, ‘‘आई, तू शोधतेस म्हणून तुला सापडतं.’’ मेकॅनिकने सगळा दोष क्लचवर टाकला.

‘‘वहिनी, क्लच नवीन आहे. थोडा बैठने दो ना त्याला.’’

त्याने क्लच पुन्हा अ‍ॅडजस्ट केला, गॅरेजसमोरच्या सरळ रस्त्यावर चक्कर मारली आणि गाडी ठीक असल्याचं सांगितलं. सरळ रस्त्यावर ती ठीकच होती. मी म्हटलं, मग रविवारी माझ्याबरोबर घाटात चला. तो हसला. नाश्ता खाली उतरून करू म्हणाला.

घाटात मी दुसरा गिअर टाकला आणि इंजिनने गाडी धरून ठेवली. पहिली वळणं नीट गेली. मग एका खोलगट जागेत चाक उतरलं, टक्‌ झालं, आणि इंजिनचा आवाज एकदम बसला. गिअर दुसऱ्यातच होता, पण धरणारं काही उरलं नव्हतं. गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी सुटली. पुढे ट्रकचा मागचा भाग मोठा होत होता. ब्रेक दाबून दाबून मी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. शेजारी मेकॅनिकने दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. हसू कुठच्या कुठे गेलं होतं.

थांबल्यावर मी इंजिन बंद केलं, पहिला गिअर टाकला आणि ब्रेकवरून पाय काढला. गाडी पुढे सरकली. हँडब्रेक ओढला, तोही ढिला. इतकी वर्षं ऑटोमॅटिकच्या ‘पी’वर, म्हणजे पार्कवर, गाडी लावायची सवय, हँडब्रेकला कुणी हात लावलाच नव्हता. मी ब्रेकवर पाय रोवून बसले. त्याने उतरून चाकांपुढे दगड लावले.

‘‘क्लचच गेला,’’ तो खिडकीतून म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

मी इंजिन सुरू केलं, पहिल्याच गिअरात क्लच सोडला. इंजिन बंद पडलं नाही. गाडी जागची हलली नाही, आणि स्पीडोमीटरचा काटा मात्र वर चढला. या गाडीचा काटा गिअरबॉक्सवर चालतो.

‘‘म्हणजे क्लच, गिअरबॉक्स दोन्ही फिरतायत,’’ मी म्हटलं. ‘‘तुटलंय ते त्याच्या पुढे. खाली बघा.’’

तो वाकला. उठला तेव्हा हाताला तेल लागलं होतं. उजवं चाक फिरवणारी शाफ्ट गिअरबॉक्समधून निसटून लोंबत होती. त्याने ऑटोमॅटिकचीच जुनी शाफ्ट बसवली होती. दाते जुळले, म्हणून लांबी कुणी मोजली नाही. ती बोटभर आखूड होती. चाक खाली गेलं की बाहेर ओढली जायची.

‘‘परसों दीदी असती यात,’’ तो म्हणाला. परवा नव्हे, उद्याच सोमवार होता.

गाडी ओढून आणली. लेक सोमवारी बसने गेली, चिडून. योग्य शाफ्ट बसली, हँडब्रेकची केबल बदलली, आणि पुढच्या रविवारी मी मेकॅनिकला त्याच घाटात गाडी चालवायला बसवलं. मी शेजारी. त्याने तक्रार केली नाही. इंजिनने गाडी शेवटपर्यंत धरून ठेवली.

आता लेक रोज जाते. खाली पोचली की फोन करते, ‘‘उतरले.’’ तोवर मी गॅस पेटवत नाही. पेटवला तर लक्ष फोनकडे राहतं आणि दूध उतू जातं.