आईचं चालणं आणि माझ्या येरझाऱ्या

"नेक ऑफ फीमर," डॉक्टर एक्स-रे उजेडापुढे धरून म्हणाले. म्हणजे मांडीचं हाड खुब्यात जिथे बसतं, ती त्याची मान. आई विहिरीपाशी घसरली आणि नेमकी तीच मोडली. एकोणीसशे सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. ऑपरेशनला मुंबई गाठावी लागली. थिएटरबाहेर मी इतक्या येरझाऱ्या घातल्या की वॉर्डबॉय म्हणाला, "साहेब, बसा ना. फरशी झिजेल."

हाडात खिळा बसला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "पडून राहिल्या तर न्युमोनिया होईल, म्हणजे फुप्फुसात कफ साचून सूज. नाहीतर बेडसोर, म्हणजे अंथरूण घासून पाठीला होणारी जखम. या वयात त्यातून माणूस उठत नाही. रोज वॉकर धरून चालवा. खाटेची सवय लागू देऊ नका."

मी मान डोलावली. आणि मुंबईबाहेर गोडदेव गावातल्या आमच्या घरी येताच आईला खाटेवर नीट झोपवलं.

त्याचं असं आहे, आमच्या मूळच्या रत्नागिरीकडच्या माणसांत आजारी आईला पाण्याचा तांब्या स्वतः घ्यावा लागला, तर लोक मुलाला नावं ठेवतात. मी तिच्या उशाशी पूजेची घंटी ठेवली. वाजली की मी हजर. देवसुद्धा इतक्या लवकर पावत नाही. भेटायला येणारे म्हणायचे, "काय सेवा करतोय!" मी सुखावायचो. चालायचं होतं आईनं, चालत होतो मी.

"आज राहू दे रे, उद्या बघू," ती म्हणायची. पाय काड्यांसारखे झाले. मग खोकला सुरू झाला. मी तिच्या छातीला कान लावायचो. कळायचं काही नाही, फक्त माझीच झोप उडायची.

जवळच्या किनाऱ्यावरच्या उत्तन गावची कोळीण फिलू मासळी घेऊन यायची. घरात देव, म्हणून पाटी ओट्यावरच उतरायची. घेणारीनं बाहेर जायचं. आता आईच्या जागी मी. त्या रविवारी बांगडे घेऊन आत आलो. आईनं लांबूनच नाक मुरडलं.

"कल्ले उघडून बघितलेस?"

"बघितले."

"काय दिसलं?"

"कल्ले."

आईनं कपाळाला हात लावला. "फिलू, माझ्या लेकाला शेंडी लावतेस काय गं?"

ओट्यावरून उत्तर आलं, "मंग तू ये ना बाय भायेर! पाटी काय आत यायची न्हाय!"

"थांब, आलेच!"

आणि ती खरंच खाटेची कड धरून उठू लागली. मी झेपावलो, तर माझ्या बायकोनं, सुमननं, मागून माझी बंडीच धरली. "वॉकर द्या नि बाजूला व्हा."

मी वॉकर पुढे सरकवला. उंबरठ्याशी आईचा पाय लटपटला. मी पुढे झुकलो. सुमननं बंडी सोडली नाही. आईनं दम खाल्ला, पाय पलीकडे टाकला आणि ओट्याच्या कठड्यावर टेकली. धापा टाकत तिनं बांगड्याचा कल्ला उघडला. "लाल दिसायला हवं, मेल्या. हे काय, विटकरी!"

फिलूनं बांगडे निमूट बदलून दिले.

संध्याकाळी सुमननं घंटी देव्हाऱ्यात परत ठेवली आणि पाण्याचा माठ खाटेपासून लांब नेला. आई दोघांवर चिडली, पण उठली. हळूहळू खोकलाही गेला.

डॉक्टरांचे उपकार आहेतच, त्या शिळ्या बांगड्यांचेही थोडे. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस उठू लागलं, तर जवळ उभे राहा, पण हात पाठीमागे बांधून. आता आई ओट्यावर बसून वाल सोलते, मनात आलं की उठते. मी दारात उभा असतो. हात मागेच. पण अजून शिवशिवतात.