दाजींनी पुरलेला ढीग

आचऱ्याच्या दाजींना जगात दोनच गोष्टी पसंत होत्या: स्वतःचं मत आणि स्वतःचं अंगण. बाकीच्या जगाकडे ते पायातल्या काट्याकडे बघावं तसं बघत. पुण्यात वाढलेली त्यांची पुतणी संचिता प्रयोगशाळेसाठी चिलटं धरायला आली, तेव्हा तर त्यांना आयतंच कोलीत मिळालं.

मागच्या कुंपणाशी वर्षानुवर्षं बी काढून उरलेले काजूचे बोंडू टाकले जात. ते तिथेच कुजत, आंबत. वर चिलटांचा ढग.

"शिकान शिकान चेडू उकिरड्यार इलां!" दाजींनी पोरीला टोमणा मारला.

"काका, ही दिवसभर कुजकं खातात. पोटात जंतू गेला की यांचं अंग त्याला मारणारं विष तयार करतं. पण ते विष वेळेवर थांबावं लागतं. नाही थांबलं, तर चिलट जंतूने नाही, स्वतःच्याच विषाने मरतं. इथली चिलटं ते कसं थांबवतात, ते मला शोधायचंय."

"चिलटाच्या पोटाची काळजी! हयसर माणसाच्या पोटाक डॉक्टर गावणा नाय."

बोंडूंचा हंगाम सरत आला होता. आता चिलटं मिळाली नाहीत, तर संचिताचं वर्ष वाया जाणार होतं. सोमवारी सकाळी ती तिच्या सरांना आणायला नांदगाव रोड स्टेशनावर गेली.

पुण्याचा पाहुणा येणार आणि मागे घाण? दाजींनी ढीग खड्ड्यात पुरला, वर चुना मारला, फिनेल ओतलं, अंगण शेणाने सारवलं.

"काका, ढीग?" परत आलेल्या संचिताने विचारलं.

"पुरलंय. कसा चकचकीत दिसता, बघ!"

ती पायरीवर बसली. चिलटं धरायच्या बाटल्या तिने बाजूला सारल्या.

"अंगण सुंदर आहे हो," सर म्हणाले. जन्मात पहिल्यांदा दाजींना आपली स्तुती बोचली.

तिच्या केळं घातलेल्या बाटल्या उचलून ते तीन घरं पलीकडे गुरुदासाकडे गेले. त्याच्या परसाला दाजी वीस वर्षं चारचौघांत नावं ठेवत आले होते.

"गुरुदास, कुजके बोंडू आसत?"

"आसत. पण तो तर उकिरडो मां रे, दाजी?"

"तोच होयो."

"कसो आसा तो? मोठ्यान सांग. घरात माझ्या बायलेक आयकाक जावंदे."

दाजींनी आवाज चढवला.

"माझ्या अंगणापेक्षा बरो आसा!"

गुरुदास बाजूला झाला. नाकाला पंचा लावून दाजी ढिगाशी बाटली धरून उभे राहिले. चिलटं एकेक करून आत शिरत होती. दाजींकडे एकही ढुंकून बघत नव्हतं.