परसातला लाल सिग्नल

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत, माझ्या माहितीत तरी, रस्त्यावर एकही सिग्नल नाही. माझ्या परसात मात्र पाच आहेत. हे ऐकून माणसं आधी हसतात, मग माझ्याकडे निरखून बघतात आणि शेवटी माझ्या बायकोकडे सहानुभूतीने बघतात. ती शाळेत शिक्षिका आहे, असल्या नजरांची तिला सवय आहे. "पीत तर नाहीत ना," एवढंच ती म्हणते.

मी सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर कागद चाळल्यावर संध्याकाळी हाताला काहीतरी जड लागतं, असं माझं आपलं आहे. पहिला सिग्नल मला भिवंडीच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे दिसला. कुठल्यातरी चौकातून उतरवलेला, जुना, बिडाचा. वरच्या काचेवर कावळ्याने घाण केलेली. शहरांतून आता बारीक ठिपक्यांचे नवे दिवे आले आणि ही जुनी धुडं भंगारात गेली. ते धूड मी टेम्पोत घालून घरी आणलं, तेव्हा बायको दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

रंग खरवडायला घेतला की कळतं, एकावर एक सात-आठ हात मारलेले असतात. पिवळा, काळा, पुन्हा पिवळा. तारेच्या ब्रशने घासायचं, रॉकेलमध्ये बोल्ट भिजत घालायचे, गंज चढू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात द्यायचा आणि मग खरा रंग. काचा मी चिंचेच्या पाण्याने आणि जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याने पुसतो. पाण्याच्या जुन्या पाइपचा खांब करून काँक्रीटमध्ये पुरायचा आणि वर ते चढवायचं. सगळ्यात त्रास देते ती आतली मोटर. ती एक दंडगोल हळूहळू फिरवते, त्याच्यावरचे उंचवटे बटणं दाबत जातात आणि त्याप्रमाणे लाल, पिवळा, हिरवा लागतो. गंज लागलेली मोटर मध्येच अडकते आणि जो रंग असेल तोच लागून राहतो.

आता आमच्या घराची जागा सांगायला हवी. जव्हारच्या बाहेर, साखरशेत गावाकडून येणाऱ्या रस्त्यावरचं आमचं घर शेवटचं. घराच्या खालच्या अंगाला ओहोळ आहे आणि त्याच्यावर फरशी. फरशी म्हणजे ठेंगणा पूल, कठडा नसलेला. जोराचा पाऊस झाला की पाणी त्याच्यावरून जातं. मग दोन्ही बाजूंच्या घरांनी बांबूला लाल फडकं बांधून उभं करायचं, ही इथली रीत. ही रीत कुणी शिकवली नाही आणि कुणी मोडतही नाही. धुक्यात फडकं दिसत नाही, म्हणून तेव्हा विजेरीला लाल कागद गुंडाळून टांगायची. पलीकडून येणारा गाडीवाला लाल उजेड बघतो आणि उतारावर न येता वरूनच मागे फिरतो. अलीकडच्या बाजूची विजेरी आमच्या घराने टांगायची. मी स्वतः कितीतरी वेळा टांगली आहे.

हे सगळं माहीत असलेल्या माणसाने पुढे जे केलं, त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

आवणीचे, भाताची रोपं लावायचे दिवस होते. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती, ओहोळ खाली उतरला होता, फरशी कोरडी होती. रविवार. पाचवा सिग्नल मी त्या दिवशी चढवला, तोही परसाच्या कडेला, उताराच्या तोंडावर, कारण तिथे तो घरातून छान दिसतो. वीज जोडली. लाल लागला आणि मोटर अडकली. मी शिडीवर चढून दोन टपल्या दिल्या, काही उपयोग झाला नाही. तेवढ्यात खालून धुकं चढून आलं. चार वाजले असतील. पाच मिनिटांत आंब्याचं झाडही दिसेना. दिसत होता तो फक्त माझा लाल दिवा, भल्या मोठ्या पिकल्या फळासारखा.

बंद करायला हवा होता. मी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसलो आणि तासभर त्याच्याकडे बघत राहिलो. सुंदर दिसत होता. बायकोला हाक मारून दाखवला. तीही म्हणाली, "आज पहिल्यांदा तुमचं काहीतरी बरं दिसतंय." या कौतुकाने मी आणखी फुगलो. सव्वापाचला वीज गेली, तेव्हाच तो विझला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जाताना नेहमीच्या टपरीवर चहाला थांबलो. पाड्यांवर जीप चालवणारा एक ओळखीचा ड्रायव्हर तिथे बसला होता.

"भाऊसाहेब, काल तुमच्या फरशीनं लय तरास दिला," तो म्हणाला. "येक बाई घेऊन येत व्हतो जव्हारला, बाळंतपनाची. कळा चालू. वळनावर आलो नी समोर, तुमच्या अंगाला, लाल बत्ती. पानी आलं म्हनून वरूनच गाडी फिरवली. आडरस्त्यानं मोखाड्याला नेली. दीड तासाच्या वर गेला."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय, दवाखान्यात सोडलं. सासू संगं व्हती. मी तसाच मागं आलो, तिच्या नवऱ्याला सांगितलं आन घरी गेलो. पुढं काय झालं माहीत नाय. आज पानी उतरलेलं दिसतंय."

माझ्या घरापासून जव्हारचा दवाखाना दहा मिनिटांवर आहे. दहा मिनिटं. त्या ड्रायव्हरला मी त्या वेळी काही सांगितलं नाही. चहा तसाच ठेवला आणि घरी परतलो.

बायको शाळेला निघत होती. मी दारातच तिला सगळं सांगितलं. तिने पर्स आत ठेवली, शाळेत फोन करून रजा सांगितली आणि माझ्या मागे मोटरसायकलवर बसली. वाटेत मी मनात हिशेब करत होतो तो फक्त वेळेचा: चार ते सव्वापाच, दीड तास, दहा मिनिटं. कुठूनही मांडला तरी तो माझ्याच डोक्यावर येत होता. त्या बाईचं किंवा मुलाचं काही बरंवाईट झालं असेल तर आपण काय करणार, हा प्रश्न मी प्रत्येक वळणावर स्वतःला विचारत होतो.

दवाखान्यात नर्सला विचारलं, "काल संध्याकाळी जीपमधून आलेली बाई?"

"तिसरी खाट," ती म्हणाली आणि पुढे निघून गेली.

तिसऱ्या खाटेवर एक तरुण बाई कुशीवर झोपली होती. तिच्या पोटाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते हललं. एवढं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. नोकरी लागली तेव्हाही नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

खाटेजवळ जमिनीवर सासू बसली होती. वाळकीशी म्हातारी, हातात चहाचा ग्लास. "कोन तुमी?" तिने विचारलं.

इथे मला एक सोय होती. तोंड बंद ठेवलं असतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. बायको माझ्याकडे बघत होती. मी सांगून टाकलं: पाणी नव्हतं, तो दिवा माझा होता, शोभेचा.

म्हातारीला समजायला जरा वेळ लागला. "पानी नव्हतं?" तिने दोनदा विचारलं. मग ग्लास खाली ठेवला आणि तिने माझी जी हजेरी घेतली, ती सगळ्या वॉर्डाने ऐकली. "शोभंचा? शोभंसाठी लाल बत्ती लावतोस? माझी सून जीपमंदी लोळत व्हती, नी तू शोभा बघत बसलास? आल्यावर अर्ध्या तासात बाळंत झाली ती. अर्धा तास उशीर झाला असता म्हंजे?" नर्स आत आली, ऐकू लागली, आणि तिनेही म्हातारीला थांबवलं नाही. मी मान खाली घालून उभा होतो. प्रत्येक शब्द योग्य होता आणि प्रत्येक शब्दासरशी मला थोडं हलकं वाटत होतं.

सुनेने डोळे उघडले. "मी पाह्यली ती बत्ती," ती हळूच म्हणाली. "कळ आली व्हती, गाडी फिरंपतुर तिच्याकडंच बघत व्हते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

म्हातारीने दम घेतला, मग बाळ उचललं आणि सरळ माझ्या बायकोच्या हातात दिलं. "पोरगी हाय. धर." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गाडी हाय ना तुझी? माझ्या पोराला आन. तिकडं फोन लागत नाय. त्याला कायबी ठाव नाय. बाई बसंल हितं माझ्यापाशी."

मी निघालो. आडरस्त्यावर जीप चालते, माझ्या मोटरसायकलचा भरवसा नव्हता, म्हणून जव्हारवरून गेलो. घरावरून, फरशीवरून, तसाच पुढे पाड्यावर. तो खाचरात होता, गुडघाभर चिखलात, रोपांची जुडी हातात. घरात त्याचा बाप अंथरुणाला खिळलेला, त्याला सोडून बायकोबरोबर जाणं त्याला जमलं नव्हतं. मी बांधावरूनच ओरडलो, "मुलगी झाली! दोघी ठीक आहेत!"

त्याने जुडी खाली टाकली आणि तो बांधावर येऊन मटकन बसला. थोडा वेळ दोन्ही हातांनी नुसतं तोंड चोळत राहिला. तोंडाला सगळा चिखल लागला. मग विचारलं, "फरशीवरचं पानी उतरलं का?"

हे त्याला सांगणं मला म्हातारीला सांगण्यापेक्षा जड गेलं. तरी सांगितलं.

त्याने मान वर केली. "म्हंजे मी काल रातीच फरशीवरनं चालत जव्हारला नी तिथनं मिळंल त्या गाडीनं मोखाड्याला जाऊ शकलो असतो," तो म्हणाला. "शेजारी म्हाताऱ्यापाशी बसाया तयार व्हता. ड्रायव्हर बोलला पानी हाय, म्हनून ऱ्हायलो. रातभर ऱ्हायलो."

"हो," मी म्हणालो.

तो उठला, खाचराच्या कडेच्या पाण्यात हातपाय, तोंड धुतलं, शेजाऱ्याला हाक मारून बापाजवळ बसवलं, दोरीवरचा शर्ट घातला आणि माझ्या मागे येऊन बसला. उतार लागला, फरशी दिसली आणि माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. गाडी अगदी सावकाश चालवू लागलो. खाली पाणी शांतपणे वाहत होतं, फरशीच्या पुष्कळ खाली.

मागून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आता कशाला हळू, भाऊ?" तो म्हणाला. "पानी नाय ना?"

"नाही," मी म्हणालो आणि गाडीचा वेग वाढवला.