नरसम्मांचा फ्लोटिंग रेट

सात रस्त्याजवळच्या एका जिन्यावर आमचं होम लोनचं ऑफिस आहे. वीस वर्षं मी तिथं त्याच खुर्चीत बसतोय. फायली मंजूर होऊन निघून जातात, किस्से मात्र माझ्याकडेच पेंडिंग राहतात! पगारवाढीपेक्षा त्यांची वाढ नियमित आहे. थोडा मीठमसाला माझा असतो, पण तो प्रोसेसिंग फी समजा.

लक्ष्मीचंच बघा. नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमवर, आठवड्याला रोख पगार. ही घरी टॉवेलच्या कडा शिवते, नगावर. भाड्याच्या ज्या दोन खोल्यांत राहतात, त्याच मालक विकायला निघालेला. "सहा महिने थांबतो, मग दुसऱ्याला देतो," म्हणाला.

आमचे मॅनेजर शिंदे साहेब म्हणाले, "उत्पन्नाचा पुरावा?"

"काम हाय साहेब, कागद न्हाय."

साहेब मनानं मऊ, पण कागदाशिवाय वरणभातही खाणार नाहीत! म्हणाले, "आठ हजारांचा हप्ता बसेल. सहा महिने तेवढी रक्कम दर पाच तारखेला बँकेत भरून दाखवा. आणि फिक्स्ड की फ्लोटिंग, तेही ठरवून या."

मी समजावलं, "फिक्स्ड म्हणजे दर थोडा जास्त, पण हप्ता ठरला तो ठरला. फ्लोटिंग म्हणजे दर कमी, पण पुढं वर-खाली होणार."

लक्ष्मी मान हलवत जिना उतरली. सहा महिन्यांनी ती परत येईल. तोवर दुसऱ्यांचं ऐका.

*

एक गुरुजी आले. वय अठ्ठावन्न. लोन पाहिजे वीस वर्षांचं!

साहेब म्हणाले, "सर, सत्तरीपर्यंतच मुदत देता येते. त्यापुढं रिस्क असते."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "वडील त्र्याण्णवचे आहेत माझे. खाली स्कूटर धरून उभे आहेत. वर बोलावू?"

*

उस्मानभाई ट्रकवाले. जरा कुठं रेट कमी दिसला की लोन उचलून दुसऱ्या बँकेत! चौथी बँक म्हणून आमच्याकडे आले, तेव्हा मी हिशोब मांडून दाखवला. जेवढं व्याज वाचलं, त्याहून जास्त फी गेलेली.

"उस्मानभाई, फायदा काय झाला सांगा?"

"फायदा? ईद कू चार-चार बँकां के मॅनेजरां शिरखुर्मा पीने घर कू आते, साब!"

यंदा मीही जाऊन आलो. रेटपेक्षा शिरखुर्मा भारी.

*

बायकोच्या नावावर लोन घेतलं की दर जरा कमी लागतो. हे कळल्यावर आमच्या एका पाटलांनी घर, लोन, लाइटबिल, सगळं वहिनींच्या नावावर केलं. वर मिशीला पीळ!

वर्षानं एकटेच आले. हळू आवाजात म्हणाले, "साहेब, ते डिस्काउंट परत करता येतं का?"

"का हो?"

"काल टीव्हीचा आवाज वाढवला, तर म्हणाली, 'माझ्या घरात हळू!'"

*

तर लक्ष्मी आली. सोबत सासू, नरसम्मा. नऊवारी, कपाळभर कुंकू, काखेत पासबुक. पासबुक सासूचंच!

लक्ष्मी सासूकडं बघत म्हणाली, "अत्तम्मा म्हनल्या, तुज्या खात्यात कशाला भरतीस? माझ्या खात्यात भर. मीच बँक."

साहेबांनी चष्मा लावला. दर पाच तारखेला नोंद. चुकली एकही नाही. पण तिसऱ्या महिन्यात आठ हजार दोनशे.

"हे दोनशे कसले?"

लक्ष्मी म्हणाली, "रेट वाढवला अत्तम्मानं. मी अक्कलकोटला माहेरी चार दिस जास्त राह्यले."

"आणि चौथ्या महिन्यात साडेआठ?"

"आमटी खारट झालती."

"पाचव्यात परत आठ!"

"पाय दाबून दिले."

मी तोंडावर फाइल धरली. साहेब मात्र गंभीर. म्हणाले, "बाई, मग तुम्ही फिक्स्डच घ्या. सुखी राहाल."

"न्हाय साहेब, फ्लोटिंग. सुरवात कमीत हुती. आन् तुमचा रेट वाढून वाढून अत्तम्माच्या वर जातोय व्हय?"

"अहो, रेट आम्ही नाही वाढवत. तो वरून येतो!"

नरसम्मांनी त्यांच्याकडं फार मायेनं बघितलं. "म्हंजे तुमाला बी सासू हाय की!"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. वीस वर्षांत पहिल्यांदा, दुसरा कागद न मागता! मग नियमाप्रमाणे सांगितलं, "फ्लोटिंगला एक फायदा आहे. मुदतीआधी फेडलं तरी दंड नाही. बरं, घराच्या किमतीतला तुमचा वाटा आधी भरावा लागेल. त्याचं काय?"

नरसम्मांनी पासबुक टेबलावर सरकवलं. "ह्यात हाय की, माझं जुनं साठवल्यालं बी. समदं तिचंच. वाढीव रेट धरून."

लक्ष्मी सासूकडं बघतच राहिली. मीही फाइल खाली ठेवली.

साहेबांनी सही केली. निघताना लक्ष्मीनं पदरानं डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "अत्तम्मा, मग आता तुमचा हप्ता बंद ना?"

नरसम्मा जिन्याचा कठडा धरून थांबल्या.

"मुदतीआधी? दंड पडंल!"