गाडी अजून निघालेली नाही

वडपे गावात आमचं शेत होतं तिथं आता गोडाऊन उभं आहे आणि त्याच गोडाऊनच्या ऑफिसात मी नोकरी करतो. माझ्या आईला याची फार गंमत वाटते. "जिथं भात लावला तिथं आता तुझी खुर्ची हाय," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

काही वर्षांपूर्वी माल भरून पाठवण्याचं काम बघायला एक गृहस्थ आले. नगरकडचे, ख्रिस्ती, पन्नाशीला टेकलेले. राहायला जवळच्या कोन गावात. त्यांचं टेबल माझ्या शेजारी. डबा उघडला की जेवायच्या आधी डोळे मिटून जरा वेळ गप्प बसायचे, म्हणून हमालांनी त्यांना 'फादर' म्हणायला सुरुवात केली. ते हसले. "अरे, मी कसला फादर? दोन मुलींचा बाप आहे नुसता." पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आमच्या धंद्यात "गाडी निघाली" या वाक्याला काही अर्थ नसतो. अर्धी खोकी अजून खाली असतात, ड्रायव्हर जेवायला बसलेला असतो, पण फोनवर गाडी निघालेली असते. सांगणाऱ्यालाही ते माहीत आणि ऐकणाऱ्यालाही.

दिवाळीच्या तोंडावर नाशिकच्या एका दुकानदाराचा फोन आला. फादरनी उचलला. गोडाऊनचे मालक, आमचे शेठ, समोरच उभे होते. निघाली म्हणून सांगून टाका, अशी त्यांनी हातानंच खूण केली.

"गाडी अजून निघालेली नाही," फादर म्हणाले. "माल चढतोय. संध्याकाळी निघेल, तुमच्याकडे रात्रीच पोचेल."

पलीकडचा आरडाओरडा माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला. फोन ठेवल्यावर शेठ तापले. "तुम्हाला धंदा कळतो का?"

"कळतो, शेठ. तुम्ही सांगाल तेवढं काम करीन, उशिरापर्यंत थांबेन. पण जे नाही ते आहे म्हणून सांगितलं तर माझ्या येशूला काय तोंड दाखवू?"

शेठचा कुठल्याच देवावर विश्वास नव्हता. ऑफिसात देवाचा एक फोटोही त्यांनी लावू दिला नव्हता. ते म्हणाले, "तुमचा येशू माझ्या गोडाऊनमध्ये कशाला येतो?"

"मी जातो तिथे तो येतोच. त्याला काय गेटपास लागतो?"

मी फाइलमध्ये तोंड घालून हसलो. शेठ पाय आपटत आत गेले. आता फादरची नोकरी काही राहत नाही, असं मला वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी त्याच दुकानदाराचा फोन आला, तो मी घेतला. "तुम्ही नको," तो म्हणाला. "काल ज्यांनी खरं सांगितलं, त्यांना द्या." त्यानं म्हणे दिवसभर माणसं अडकवून न ठेवता थेट रात्री बोलावली होती आणि माल अर्ध्या तासात उतरवून घेतला होता. पुढे हळूहळू बाकीचे दुकानदारही फोनवर त्यांनाच मागू लागले. शेठनी फादरना खूण करणं सोडून दिलं.

हा माणूस चुकतच नव्हता, असं नाही. एकदा एक खोकं सापडेना, तेव्हा फादर एका हमालावर सगळ्यांसमोर खेकसले. तो आझमगढचा म्हातारा, मान खाली घालून गेला. दुपारी ते खोकं फादरच्याच टेबलामागे निघालं. चहाच्या वेळी सगळे जमले होते. फादर पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "चाचा, गलती मेरी थी. माफ कर दो."

"अरे साहब, जाने दो," म्हणत म्हातारा इतका अवघडला, की शेवटी त्यानंच फादरना एक बिस्किट दिलं.

नंतर मी विचारलं, "एकटं गाठून सांगितलं असतं तरी चाललं असतं की."

"ओरडलो चारचौघांत," ते म्हणाले, "मग माफी कोपऱ्यात कशी मागू?"

मी काही ख्रिस्ती झालो नाही. तसं व्हावं म्हणून त्यांनी मला कधी अवाक्षरानंही सुचवलं नाही. नाताळाला घरी बोलावत, त्यांच्या पत्नी करंज्या वाढत आणि आम्ही क्रिकेटवर बोलत असू. तरी कुठला निर्णय घ्यायची वेळ आली, की मी नकळत शेजारच्या टेबलाकडे बघू लागलो होतो.

मग गेल्या वर्षी एका सकाळी शेठ त्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांची मुलगी कल्याणच्या हॉस्पिटलात बाळंतपणासाठी होती आणि काहीतरी अडलं होतं. चेहरा पार उतरलेला. ते खालच्या आवाजात म्हणाले, "माझं त्याच्याशी बोलणं नाही. तुमचं आहे. जरा सांगता का?"

फादरनी त्यांना खुर्ची दिली आणि डोळे मिटले. तेवढ्यात फादरचा मोबाइल वाजायला लागला, तो मी पटकन उचलून बाहेर नेला. काचेतून मला दिसलं, शेठनीही डोळे मिटले होते. नंतर ते तडक कल्याणला गेले.

संध्याकाळी पेढ्यांची मोठाली खोकी घेऊन आले. नात झाली होती, मायलेकी सुखरूप होत्या. पहिला पेढा त्यांनी फादरपुढे धरला. "हा तुमचा मान."

"घेतो," फादर म्हणाले. "पण डॉक्टरबाईंना दिलात का?"

शेठ गडबडले. आनंदात ते साफ विसरले होते.

"मग आधी त्यांना. सगळी मेहनत त्यांची आहे, शेठ. मी नुसता खुर्चीत बसलो होतो."

शेठ मोठ्यानं हसले. एवढ्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी एक अख्खं खोकं माझ्या हातात दिलं, मी बाईकला किक मारली आणि कल्याणच्या रस्त्याला लागलो.